काळीवरचं घर, पांढरीवरचं घर

बेळगाव शहर वाढू लागलं, नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला लहानसा कारखाना तिथून उचलावा लागला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातला एक माळ देऊ केला. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाशेजारचा, निवडुंगानं भरलेला, सापांनी गजबजलेला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली आणि पुढं स्टेशनाचंही नाव बदललं. या व्यवहारात उतारे चाळायचे नव्हते की भावकीच्या सह्या गोळा करायच्या नव्हत्या. मालक एकच, आणि तो राजा. त्यानंतर कुंडलच्या पंचक्रोशीत इतका सरळ जमीनव्यवहार क्वचितच झाला असेल.

आज सांगली जिल्ह्याच्या या भागात घर घेणारी माणसं वेगळी आहेत. कुणी साखर कारखान्यातून किंवा किर्लोस्करवाडीच्या कंपनीतून निवृत्त झालेला, कुणी मुंबई-पुण्यात तीस वर्षं काढून गावाकडं परतू पाहणारा, कुणी परराज्यात सोन्याचांदीच्या गलाईत पैसा मिळवून मुलुखात बंगला बांधू इच्छिणारा. त्यांना मिळणारा सल्ला मात्र बहुतेक पुण्या-मुंबईच्या सदनिकांसाठी लिहिलेला असतो: कार्पेट एरिया बघा, पार्किंग विचारा, लिफ्ट कुठल्या कंपनीची ते पाहा. कुंडलात, पलूसमध्ये किंवा कडेगावकडच्या एखाद्या गावात यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. इथं घर हाताशी दिसतं, गिलावा ठोकून बघता येतो. अडचण असते ती घराखाली.

गावच्या बोलीत जमिनीचे दोन रंग आहेत. पांढरी म्हणजे गाव वसलेलं ठिकाण, गावठाण. काळी म्हणजे पिकाची जमीन. घर घेणाऱ्यानं विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही, हा आहे: घर पांढरीवर आहे की काळीवर? कागद कुठले मागायचे, बँक कर्ज देईल की नाही, पुढं ते विकता येईल की नाही, सगळं या एका उत्तरावर फिरतं.

आधी पांढरी. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. विकणारा पुढं करतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. त्यावर नाव असतं, घराचं मोजमाप असतं, घरपट्टीचा आकडा असतो आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्काही असतो. शिक्का बघून माणूस निर्धास्त होतो. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. घरपट्टी कुणी भरायची एवढंच ती सांगते. भाऊ मुंबईला गेला, गावातला भाऊ घरपट्टी भरत राहिला आणि वीस वर्षांत नमुना आठवर त्याचं एकट्याचं नाव उरलं, असं प्रत्येक गल्लीत घडलेलं असतं. मुंबईच्या भावाचा हिस्सा त्यानं संपत नाही.

जिथं सिटी सर्व्हे झाला आहे तिथं मालमत्ता पत्रक मिळतं आणि तो कागद पुष्कळ जास्त वजनाचा. जिथं तो कधी झालाच नव्हता, अशा गावठाणांची मोजणी आता ड्रोननं होते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग आधी झाला आणि २०२० साली केंद्रानं स्वामित्व योजनेच्या नावानं तो देशभर नेला. त्यामुळं जुन्या घराच्या बोलणीत एक साधा प्रश्न घालता येतो: ‘मालमत्ता पत्रक निघालंय का, आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत?’ उत्तर देताना मालक घुटमळला तर विसार देण्याची घाई करू नये.

जुन्या कागदांच्या बाबतीत कुंडलची आणखी एक गंमत आहे. हे गाव औंध संस्थानातलं, मुख्य औंधापासून दूर पडलेल्या तुकड्यातलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं आणि पलूस स्वतंत्र तालुका झाला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. एका घराच्या तीन पिढ्यांचा कागद शोधायचा तर तो एकाच कपाटात असेल असं धरून चालता येत नाही. तालुका बदलण्यापूर्वीचा दस्त जुन्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडं असू शकतो. तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगितलेला वकील फक्त संगणकावरची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, बघून परत आला तर त्याचं काम अर्धंच झालं, कारण संगणकाच्या आधीची सूची हाताने लिहिलेल्या वह्यांत आहे.

याच गावात नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांचं प्रतिसरकार १९४३ ते ४६ या काळात चाललं. गावोगावच्या न्यायमंडळांनी बांधाचे, वाटणीचे कितीतरी तंटे गावातच मिटवले. पंचांपुढं बसून मिटवायची रीत पुढंही राहिली आणि ती चांगलीच आहे. फक्त घर घेणाऱ्याला तिचा एक त्रास होतो. ‘आमची वाटणी कधीच झाली, सगळ्या गावाला ठाऊक आहे,’ असं मालक छातीठोकपणे सांगतो आणि ते खरंही असतं. पण कागद काही नसतो.

आणि वाटणीत ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्या बहिणी असतात. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला तो १९९४ साली, देशभर तो लागू झाला ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्यांना धक्का लागत नाही. मात्र नुसती तोंडी वाटणी झाल्याचं म्हणणं न्यायालय सहज मानत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून विकणारा एकटा समोर बसला असला तरी खरेदीदारानं त्याच्या बहिणी, पुतणे, काकू यांची वंशावळ मागून घ्यावी. मागताना संकोच वाटतो, घरात चहा पिऊन झालेला असतो. तरी मागावी. प्रत्येकाचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी असावं किंवा खरेदीखतावर संमती देणार म्हणून सही तरी. राखीपौर्णिमेला बहिणीनं ‘मला काय करायचंय दादा’ म्हटलेलं दुय्यम निबंधकाच्या उपयोगाचं नसतं.

आता काळी. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, उसाचं एखादं शेत मोडून चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढलेल्या दिसतात. चार लोखंडी खांब, एक कमान, कमानीवर कुठल्या तरी देवाचं किंवा पार्कचं नाव. गुंठ्याचा दर सांगितला जातो आणि तो गावठाणाच्या मानानं स्वस्त वाटतो. स्वस्त का, याचं उत्तर बहुधा सातबाऱ्यातच असतं.

तुकडेबंदी कायदा १९४७ चा. प्रमाणापेक्षा लहान तुकडा करून शेतजमीन विकू नये हा त्याचा गाभा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. दोन गुंठ्यांचा प्लॉट शेतजमीन म्हणून घेणारा त्याच्या खालीच येतो. मग वाटा शोधल्या जातात. पाच अनोळखी माणसं मिळून दहा गुंठे सामाईक घेतात आणि आपापसात कुंपणं घालतात. सातबाऱ्यावर पाच नावं एकत्र येतात, हद्द कुणाचीच येत नाही, आणि पाचांतल्या एकानं कर्ज काढलं किंवा एकाचं निधन झालं की उरलेले चौघे कोर्टाची पायरी शिकतात. त्यात घेणारा मुळात शेतकरी नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही.

सरकार अशा जुन्या व्यवहारांना अधूनमधून माफी देतं. नियमित करून घ्यायचं शुल्क आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२५ मध्ये नागरी व बिगरशेती वापराच्या क्षेत्रातले जुने तुकडे शुल्काशिवाय नियमित करण्याचा निर्णय झाला. एजंट हे वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घेऊन फिरतो. ‘साहेब, आता सगळं मोकळं झालंय!’ मोकळं झालं ते ठरावीक तारखेपूर्वीचं आणि ठरावीक क्षेत्रातलं. उद्या होणाऱ्या खरेदीला ते कात्रण लावता येत नाही.

सांगली शहराकडं बघितलं की याचं टोक दिसतं. तिथं शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली, लोकांनी आयुष्याची कमाई घालून घरं बांधली आणि रस्ते, गटारं मागून येतील अशी आशा धरली. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना सामावून घेतलं गेलं. तरी शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचतं आणि माणसं गुडघाभर चिखलातून मुलांना शाळेला सोडतात. कागद नियमित झाला म्हणून उतार बदलत नाही.

मग काळीवर घर घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण बिनशेती झालेल्या जागेवर. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन हे दोन कागद मागायचे, नुसता ‘एनए’ हा शब्द नव्हे. रेखांकनात रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉटचे नंबर असतात. प्रत्यक्षात दाखवलेला सात नंबर नकाशातल्या सात नंबरच्या जागीच आहे का, हे मोजणी करून घेतल्याशिवाय कळत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला २०१७ च्या दुरुस्तीनं बिनशेतीची वाट सोपी झाली, पण ते २०० मीटर कुठून मोजायचे हे भूमी अभिलेख खातं सांगतं, एजंटाचं पाऊल नव्हे.

सातबारा हातात आला की बहुतेक जण वरचं नाव वाचतात आणि घडी घालतात. वाचायचा तो उजवीकडचा इतर हक्कांचा रकाना. विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, न्यायालयातला दावा, सगळं तिथं येऊन बसतं. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या कर्जाचा बोजाही सभासदांच्या उताऱ्यावर चढलेला असतो. उसाला पाणी आणणारी पाइपलाइन आजोबांच्या काळातली आणि तिचा बोजा प्लॉट घेणाऱ्याच्या बँकेला आज दिसतो. भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढं सरकत नाही. संस्थानी मुलुखात इनामं होती, देवस्थानच्या जमिनी होत्या. शिवाय कोयना आणि चांदोलीच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन सांगली जिल्ह्यात ठिकठिकाणी झालं. पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा असलेली किंवा धरणग्रस्ताला मिळालेली जमीन बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत असेल तर ती स्वस्ताई कशाची, हे वेगळं सांगायला नको. रकान्यात कंसात घातलेला फेरफार क्रमांक असतो, तो फेरफार काढून वाचावा. पन्नास-साठ रुपयांच्या नकलांत पन्नास वर्षांचा घरोबा उलगडतो.

पैसे देण्याची वेळ आली की गावात अजूनही विसारपावती आणि नोटरीचा दस्त चालतो. शंभराचा स्टॅम्प म्हणून त्याला जे नाव पडलंय ते आता खोटं ठरलं, कारण ऑक्टोबर २०२४ पासून अशा दस्तांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पण मुद्रांक कितीचाही असला तरी नोटरीच्या सहीनं घर कुणाचं होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदवावीच लागते, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. साठेखत हा विकण्याचा करार आहे, विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या जागेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलं. इतकं असूनही ‘आत्ता नोटरी करू, खरेदी दिवाळीनंतर’ हे वाक्य दर गावात दर हंगामाला ऐकू येतं. कारण बहुधा एकच असतं, खरेदी होण्यासारखे कागदच नसतात.

रोखीचाही प्रश्न आहे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. दस्तात कमी किंमत दाखवून उरलेली पिशवीतून द्यायची सवय घेणाऱ्याला दोनदा नडते. बँक कर्ज देते ते दस्तातल्या किमतीवर किंवा मूल्यांकनावर, आणि पुढं विकताना नफा कागदावर फुगलेला दिसतो. घर बाईच्या नावानं घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही तिच्यातली अट २०२३ मध्ये निघाली. सवलतीपुरतं का होईना, पण कुंडलच्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच बाईचं नाव उताऱ्यावर आलं असेल.

कर्जाबद्दल एवढंच की बँकेला आधी भेटावं, घर नंतर पसंत करावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते, पण बिनशेती आणि बांधकाम परवाना नसलेल्या घराला राष्ट्रीयीकृत बँक बहुधा हात लावत नाही. मग माणूस पतसंस्थेकडं वळतो. ती माणूस ओळखून कर्ज देते, व्याजही त्या ओळखीचं लावते. बँकेनं कागद नाकारले तर त्याला अपमान न समजता फुकटचा कायदेशीर अहवाल समजावं.

पलूस, विटा, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), सांगली इथं सदनिका घेणाऱ्यांसाठी महारेरा आहे, १ मे २०१७ पासून. नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी घ्यायची, असे त्यातले नियम चांगले आहेत. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि तालुक्याच्या गावी बहुतेक इमारती असतात त्या सहा-आठ सदनिकांच्याच. आठव्या सदनिकेवर थांबलेली इमारत दिसली तर नवल वाटायला नको. तिथं १९६३ चा मोफा कायदा उपयोगी पडतो आणि भोगवटा प्रमाणपत्र मागण्याचा हक्क राहतोच.

कागद झाले, आता माती. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींना सोबत घेऊन हलते. पाया मुरुमापर्यंत गेला आहे का, हे बांधून झालेल्या घरात विचारूनच कळणार, पण खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा बरंच बोलतात. वर्षानुवर्षं पाटपाण्यावर ऊस घेतलेल्या जमिनी या भागात क्षारपड झाल्या आहेत. तशा जागेवरच्या घराला जोत्याच्या वर हातभर पांढरी पूड फुटते. मालकानं विकायच्या आधी नेमका तेवढाच पट्टा रंगवलेला असेल तर हात लावून बघावं, गार लागेल. या कामाला गावातला जुना गवंडी इंजिनिअरपेक्षा स्वस्तात आणि जास्त खरं सांगतो.

आणि पाणी. कुंडल गाव नदीपासून काही किलोमीटर आत, डोंगराच्या बाजूला आहे. पण त्याच तालुक्यातली भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकलखोप, बुर्ली, आमणापूर ही कृष्णाकाठची गावं २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर विसरलेली नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि माणसं गेली. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम होत नाही, निळी आणि लालच्या मधे अटींवर होतं. नदीकाठचं घर बघायला जाणाऱ्यानं नकाशा मागावाच, पण शेजारच्या घरात जाऊन ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ एवढंही विचारावं. भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. विकणारा दाखवेल त्यापेक्षा ते बोट बऱ्याचदा वर असतं.

घर एकदा जुलैत बघावं आणि एकदा गाळपाच्या हंगामात. पावसाळ्यात कळतं की शेजारच्या छपराची पागोळी कुणाच्या भिंतीवर पडते, बोळातलं पाणी कुठं जातं, सामाईक भिंत कुणाची. दिवाळीनंतर कुंडलच्या क्रांती साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टरवरची गाणी रात्री किती वाजेपर्यंत चालतात, वारा कुठून येतो आणि मळीचा वास अंगणात थांबतो का, हे एप्रिलच्या शांत दुपारी घर बघणाऱ्याला कळणार नाही. घरापर्यंत येणारी वाट नकाशावर आहे की फक्त वहिवाटीची, हेही त्याच फेरीत बघून घ्यावं. वाटेचं भांडण तहसीलदारापुढं मामलेदार न्यायालय कायद्याखाली चालतं आणि तो कायदा १९०६ चा असला तरी त्याखालचे दावे दरवर्षी ताजे असतात.

खरेदीपूर्वी वर्तमानपत्राच्या सांगली आवृत्तीत वकिलामार्फत जाहीर नोटीस द्यायची पद्धत आहे. हरकतीला साधारण पंधरा दिवस देतात. ती द्यावी, आणि तिचं कात्रण गावातल्या दोन-तीन पानपट्ट्यांवर आणि सोसायटीच्या कट्ट्यावर आपसूक पोचेल याची खात्री बाळगावी. ज्याला हरकत घ्यायची आहे तो तिथंच बसलेला असतो.

खरेदीखत नोंदवलं, एक टक्का नोंदणी फी भरली, अंगठे उमटले, फोटो निघाले, पेढे वाटले. काम मात्र बाकी असतं. प्लॉट असेल तर फेरफाराची नोंद पूर्वीचे तलाठी, म्हणजे २०२४ पासूनचे ग्राम महसूल अधिकारी, धरतात. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत नाव लावण्याचा विषय घ्यावा लागतो आणि मालमत्ता पत्रक असलं तर भूमी अभिलेखकडं वेगळा अर्ज. विजेचं मीटर, नळाचं कनेक्शन, घरपट्टीची मागची थकबाकी यांची फेरी निराळी. त्या पंधरा दिवसांत दार वाजतं. बाहेर विकणाऱ्याचा चुलतभाऊ उभा असतो, हातात नोटिशीची प्रत असते, आणि आत येऊन बसल्यावर तो पाणी मागतो.